हिरव्या पाइपलाइनवर विश्वास कधी ठेवायचा?

तुमची परिस्थिती मला समजली ती अशी. नऊ डेव्हलपर, दोन टेस्टर, सहा सर्व्हिसेस, सगळा कारभार क्लाउडवर. युनिट टेस्टचं कव्हरेज ८५ टक्के. पाइपलाइनला, म्हणजे प्रत्येक बदलावर आपोआप बिल्ड आणि टेस्ट चालवणाऱ्या साखळीला, ५० मिनिटं लागतात, ती मधूनच लाल होते, कुणीतरी 'पुन्हा चालवा' दाबतं आणि ती हिरवी होते. स्टेजिंग (रिलीजआधी तपासायची जागा) एकच, त्यामुळे आज कुणाची ब्रँच (बदलांची वेगळी प्रत) चढवायची यावरून रोज ओढाताण. आणि एवढं करूनही दर दोन-तीन रिलीजमागे प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे ग्राहक वापरतात त्या खऱ्या सिस्टिममध्ये, काही ना काही फुटतंच. आता आणखी टेस्ट लिहायच्या, मोठी मशीन घ्यायची, दुसरं स्टेजिंग उभारायचं, की टेस्टर वाढवायचे, असं तुम्ही विचारलंय.

माझ्या मते तूर्त हे चारही बाजूला ठेवा. तुमच्या वर्णनात मला सगळ्यात जास्त खटकलं ते 'पुन्हा चालवा'. तुमच्या टीममध्ये लाल रंगाची पत गेली आहे. ती परत येईपर्यंत नवीन टेस्ट म्हणजे त्याच गोंगाटात आणखी एक आवाज.

साधा हिशोब करून पाहा. समजा तुमच्याकडे ५०० टेस्ट आहेत आणि प्रत्येक टेस्ट हजारात फक्त एकदा विनाकारण फेल होते. ऐकायला हे फारच चांगलं वाटतं. पण पाचशेच्या पाचशे एकदम पास होण्याची शक्यता जेमतेम ६१ टक्के उरते, म्हणजे कोडमध्ये काहीही चूक नसताना दर पाच रनमधले जवळपास दोन रन लाल. गूगलने २०१६ मध्ये स्वतःचे आकडे जाहीर केले होते. त्यांच्याकडे एकूण टेस्ट रनपैकी सुमारे १.५ टक्के रन फ्लेकी (त्याच कोडवर कधी पास, कधी फेल) निघत होते, जवळजवळ १६ टक्के टेस्टमध्ये थोडाफार फ्लेकीपणा होता, आणि आधी पास होणारी टेस्ट अचानक फेल झाली अशा प्रसंगांपैकी सुमारे ८४ टक्के वेळा फ्लेकी टेस्टचा हात होता. तेव्हा तुमचे डेव्हलपर आळशी आहेत म्हणून बटण दाबतात असं समजू नका. लाल दिसलं की बहुतेकदा काही नसतं, हे ते अनुभवातून शिकलेत, आणि त्यांचा अनुभव खरा आहे.

धोका असा की खऱ्या चुकाही कधीकधी अशाच अधूनमधून दिसतात. मी ज्या टीममध्ये होतो तिथे ऑर्डर नोंदवण्याची एक टेस्ट चाळीसेक रनमध्ये एकदा फेल व्हायची. तीन महिने आम्ही ती पुन्हा चालवत राहिलो. मग एका गर्दीच्या दिवशी काही ग्राहकांचे पैसे दोनदा कापले गेले. दोन रिक्वेस्ट एकाच क्षणी आल्या तर दोघींनाही 'ऑर्डर अजून नोंदलेली नाही' असंच दिसत होतं. टेस्ट तीन महिने नेमकं तेच सांगत होती. त्या लोकांचे पैसे परत करताना जे वाटलं, ते मी विसरलेलो नाही. तेव्हापासून फ्लेकी टेस्टला मी किरकोळ त्रास म्हणत नाही.

करायचं काय? पहिल्या रनला फेल आणि दुसऱ्याला पास झालेल्या प्रत्येक टेस्टची नोंद आपोआप ठेवा. दोन आठवड्यांत गुन्हेगार समोर येतात, आणि बहुधा ते मोजकेच असतात. त्यांना मर्ज (बदल मुख्य कोडमध्ये मिसळणं) अडवणाऱ्या पाइपलाइनमधून काढून वेगळ्या जॉबमध्ये टाका. प्रत्येकीपुढे एका माणसाचं नाव आणि तारीख लिहा. त्या तारखेपर्यंत दुरुस्त झाली तर परत आणा, नाहीतर काढून टाका. काढून टाकायला लोक कचरतात, पण जिच्याकडे कुणी बघत नाही ती टेस्ट तुमचं कशापासूनच रक्षण करत नाही. हे झालं की आपोआप पुन्हा चालवण्याची सोय मुख्य पाइपलाइनमधून बंद करा.

कारणं बहुतेकदा तीच ती सापडतील. ठरावीक सेकंद झोपणारी टेस्ट: तिथे अपेक्षित स्थिती येईपर्यंत दर काही मिलिसेकंदांनी विचारत राहा आणि वर एक कमाल मुदत ठेवा. एकमेकींचा डेटा वापरणाऱ्या टेस्ट: रोज वेगळ्या क्रमाने चालवा, क्रमाचं बीज (ज्या आकड्यावरून तो क्रम ठरतो) लॉगमध्ये छापा, म्हणजे फेल झालेला क्रम पुन्हा तसाच चालवता येईल. घड्याळ: 'आत्ताची वेळ' कोडला बाहेरून द्या, नाहीतर महिन्याच्या ३१ तारखेला आणि मध्यरात्रीच्या आसपास टेस्ट फुटत राहतील. क्लाउडबाबत एक खास गोष्ट. ॲमेझॉनच्या एस-३ या फाइल साठवण्याच्या सेवेत पूर्वी फाइलवर नवी फाइल लिहिली तरी लगेच वाचताना जुनी मिळू शकत होती. डिसेंबर २०२० पासून लिहिलेलं लगेच वाचता येतं. त्या काळातल्या झोपा तुमच्या टेस्टमध्ये उरल्या असतील तर काढा. मात्र आयएएम या ॲमेझॉनच्या परवानग्यांच्या सेवेतला बदल आजही सगळीकडे पोचायला थोडा वेळ घेतो, आणि डायनॅमोडीबी या त्यांच्याच डेटाबेसचं साधं वाचन, वेगळं सांगितलं नाही तर, किंचित जुना डेटा देऊ शकतं. तिथे वाट पाहणं रास्त आहे.

आता प्रॉडक्शनमध्ये फुटण्याचं. ८५ टक्के कव्हरेज म्हणजे तेवढ्या ओळी टेस्ट चालताना चालल्या, एवढंच. त्यांचा निकाल कुणी तपासला का, हे त्या आकड्यात नाही. तो आकडा आहे तिथेच राहू द्या. मी टेस्ट कुठे आणि कशावर चालतात ते बघतो, आणि सुरुवात डेटाबेसपासून करतो. प्रॉडक्शनमध्ये पोस्टग्रेस आणि टेस्टमध्ये वेगासाठी एसक्यूलाइट, ही जोडी मी इतक्या ठिकाणी पाहिली आहे की तुमच्याकडेही असेल असा माझा अंदाज आहे. एसक्यूलाइट उत्तम डेटाबेस आहे, पण तो वेगळा आहे. आकड्याच्या रकान्यात अक्षरं टाकली तरी तो साधारणपणे तक्रार करत नाही. एका वेळी एकच जण लिहू शकतो, त्यामुळे दोन व्यवहार एकमेकांवर आदळल्यावर काय होतं हे तिथे कळतच नाही. वर सांगितलेला दुहेरी पैशांचा दोष अशाच ठिकाणी लपतो. टेस्टकंटेनर्ससारख्या साधनाने खरा पोस्टग्रेस कंटेनरमध्ये (प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं असलेल्या वेगळ्या खोक्यात) काही सेकंदांत उभा राहतो. क्लाउडवर जी प्रमुख आवृत्ती आहे तीच घ्या. प्रत्येक टेस्ट एका ट्रान्झॅक्शनमध्ये (डेटाबेसच्या एका व्यवहारात) चालवून शेवटी रोलबॅक केली, म्हणजे बदल मागे घेतले, की डेटा स्वच्छ राहतो. फक्त सीक्वेन्सचे (आपोआप वाढणाऱ्या आयडीचे) आकडे रोलबॅक होत नाहीत, म्हणून पहिल्या ओळीचा आयडी १ असेल असं कुठेही गृहीत धरू नका. जिथे कोड स्वतःच डेटाबेसमध्ये कमिट करतो (बदल कायम करतो) तिथे तयार टेम्प्लेटवरून प्रत्येक टेस्टसाठी वेगळा डेटाबेस काढा. पोस्टग्रेसमध्ये ती सोय आहे आणि ती पुरेशी जलद आहे.

लॅपटॉप आणि क्लाउड यांतले बाकीचे फरकही एकदा तपासून टाका. फाइलच्या नावातलं लहान-मोठं अक्षर मॅक आणि विंडोज सहसा वेगळं धरत नाहीत, लिनक्स धरतं. नव्या मॅकवरची इमेज (जिच्यातून कंटेनर सुरू होतो ती) एआरएम प्रोसेसरची असते, सर्व्हर बऱ्याचदा एक्स-८६ चा. सर्व्हरचं घड्याळ सहसा यूटीसी या जागतिक वेळेवर असतं. कंटेनरला मेमरीची मर्यादा असते, लॅपटॉपवर तुम्ही ती कधी लावलेलीच नसते. सीआयमध्ये (म्हणजे त्याच पाइपलाइनमध्ये) टेस्ट त्याच इमेजच्या आत, त्याच मर्यादेत चालवल्या की यातलं बरंचसं मर्जच्या आधीच दिसतं.

आणि इमेज एकदाच बांधा. स्टेजिंगसाठी एक बिल्ड आणि प्रॉडक्शनसाठी पुन्हा दुसरा बिल्ड असं चालू असेल तर आजच बंद करा, कारण मधल्या काळात एखादी लायब्ररी पुढे सरकली की तुम्ही तपासलं एक आणि चढवलं दुसरंच. इमेजची ओळख टॅगने (दिलेल्या नावाने) न ठेवता डायजेस्टने (इमेजमधल्या मजकुरावरून निघणाऱ्या ठशाने) ठेवा. टॅग कुणीही दुसऱ्या इमेजवर सरकवू शकतं. चढवल्यावर प्रत्येक इन्स्टन्सला तुझी आवृत्ती कोणती हे विचारणारी तपासणीही हवी. १ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर दलाल कंपनीत नवा कोड आठपैकी सातच सर्व्हरवर पोचला होता. नव्या कोडने एक जुना फ्लॅग (चालू-बंदची खूण) नव्या कामासाठी वापरला होता, आणि आठव्या सर्व्हरवर त्याच फ्लॅगने वर्षानुवर्षं न वापरलेला कोड जागा झाला. सुमारे ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरहून अधिक तोटा झाला. आठही सर्व्हरना आवृत्ती विचारणारी चार ओळींची स्क्रिप्ट तिथे असती तर बाजार उघडण्यापूर्वीच कळलं असतं.

क्लाउडच्या सेवांचं सोंग घेणारी साधनं वापरावीत का? लोकलस्टॅक किंवा मिनिओ मी स्वतः वापरतो, झटपट उत्तरासाठी ती छान आहेत. पण परवानग्या, कोटा, उशीर आणि मर्यादा या चार गोष्टी तिथे खऱ्यासारख्या वागत नाहीत, आणि क्लाउडवर नेमक्या याच फुटतात. म्हणून वीस-तीस टेस्टचा एक छोटा संच खऱ्या क्लाउडवर, वेगळ्या अकाउंटमध्ये चालवा. प्रॉडक्शनमधली सर्व्हिस ज्या रोलने चालते अगदी त्याच परवानग्यांनी चालवा, ॲडमिनच्या नको. सीआयमध्ये कायमची किल्ली साठवू नका. ओआयडीसी या ओळख पटवण्याच्या पद्धतीने प्रत्येक रनला थोड्या वेळापुरती ओळख मिळते, ती पुरते.

रांगेवर चालणारी कामं तुमच्याकडे असतील तर या संचातली पहिली टेस्ट मी त्यांच्यावर लिहीन. ॲमेझॉनची साधी एसक्यूएस रांग मेसेज किमान एकदा पोचवण्याची हमी देते, म्हणजे कधीतरी तो दोनदा येऊ शकतो, आणि क्रमाची खात्री नाही. शिवाय उचललेला मेसेज इतरांपासून लपवून ठेवण्याची मुदत, तुम्ही बदलली नसेल तर, ३० सेकंदांची असते. टेस्टमधली छोटी फाइल पाच सेकंदांत होते, सगळं हिरवं. प्रॉडक्शनमध्ये मोठी फाइल चाळीस सेकंद घेते. तिसाव्या सेकंदाला तोच मेसेज दुसऱ्या वर्करला दिसतो आणि काम दोनदा होतं. म्हणून टेस्टमध्ये एकच मेसेज मुद्दाम दोनदा पाठवा आणि परिणाम एकदाच झाला का ते तपासा. मग दोन मेसेज उलट्या क्रमाने पाठवा. या दोन टेस्टनी मला जितके खरे दोष दाखवले तितके शंभर युनिट टेस्टनी दाखवले नसतील.

स्टेजिंगच्या भांडणावर दुसरं स्टेजिंग हा उपाय नाही. दोन रांगा होतील, इतकंच. प्रत्येक पुल रिक्वेस्टसाठी (ब्रँच मर्ज करण्याच्या विनंतीसाठी) स्वतंत्र एन्व्हायर्न्मेंट आपोआप उभं राहावं आणि मर्ज होताच मिटावं. यासाठी सगळं पायाभूत सामान टेराफॉर्म किंवा ओपनटोफूच्या (लिहिलेल्या कोडवरून क्लाउडचं सामान उभारणाऱ्या साधनांच्या) कोडमध्ये असायला हवं, आणि मॉड्यूल प्रॉडक्शनचंच हवं. फरक फक्त आकाराचा. हे ऐकून खर्चाची भीती वाटते, ती रास्त आहे, म्हणून सगळंच्या सगळं पुन्हा उभारू नका. क्लस्टर आणि लोड बॅलन्सर सामाईक ठेवा, प्रत्येक ब्रँचला आपली नेमस्पेस (क्लस्टरमधला वेगळा कप्पा) आणि कंटेनरमधला आपला डेटाबेस द्या. मॅनेज्ड डेटाबेस उभा राहायला बरीच मिनिटं घेतो आणि रिकामा बसला तरी बिल चालू राहतं. त्याच्यावरच्या टेस्ट रात्री एकदा चालल्या तरी पुरतात. प्रत्येक रिसोर्सला मुदतीचा टॅग लावा, आणि रोज रात्री मुदत संपलेलं सगळं पुसणारा जॉब ठेवा. हा जॉब ज्या अकाउंटमध्ये चालतो तिथून प्रॉडक्शनपर्यंत पोचण्याची वाटच नसावी. पुसणाऱ्या स्क्रिप्टमध्ये 'प्रॉडक्शन सोडून' अशी अट लिहिणं पुरेसं नाही, कारण ती अट कधीतरी चुकते. बकेटच्या (एस-३ मधल्या साठवणीच्या कप्प्याच्या) नावात एखादा यादृच्छिक तुकडा घाला. ती नावं साधारणपणे साऱ्या जगात एकमेव असावी लागतात, नाहीतर दोन ब्रँच एकमेकींवर आपटतात आणि तुम्हाला नवी फ्लेकी टेस्ट मिळते.

कोडमध्ये लिहिलेलं आणि प्रत्यक्षात असलेलं यांत अंतर पडतंच. कुणीतरी रात्री अडचणीत कन्सोलमध्ये जाऊन एक पोर्ट उघडतं आणि सकाळी विसरतं. रोज एकदा प्रॉडक्शनवर फक्त टेराफॉर्मचा प्लॅन (काय बदलेल ते नुसतं सांगणारी तपासणी) चालवा. टेराफॉर्मला डिटेल्ड एक्झिट कोडचा पर्याय दिला की काही बदल बाकी असल्यास तो २ परत करतो. त्यावर सूचना लावा. आणि प्लॅनमध्ये डेटाबेस किंवा बकेट नष्ट होणार असेल तर माणसाने स्पष्ट संमती दिल्याशिवाय पाइपलाइन पुढे जाऊ देऊ नका.

स्कीमा मायग्रेशनवर (डेटाबेसच्या रचनेतल्या बदलावर) मात्र थांबून बोलायला हवं. तुमच्या स्टेजिंगच्या टेबलात काही हजार ओळी असतील, प्रॉडक्शनमध्ये काही कोटी. पोस्टग्रेसमध्ये टेबल बदलणाऱ्या बऱ्याच आदेशांना संपूर्ण टेबलचं कुलूप लागतं. आदेश स्वतः क्षणात संपणारा असला तरी आधी चालू असलेली एखादी लांबलचक क्वेरी संपेपर्यंत तो थांबतो, आणि त्याच्या मागे साधी वाचनंसुद्धा रांगेत उभी राहतात. बाहेरून पाहणाऱ्याला साइट बंद पडलेली दिसते, आणि डेटाबेसचा सीपीयू मात्र निवांत. लॉक टाइमआउट काही सेकंदांचा ठेवा, म्हणजे मायग्रेशन हार मानेल आणि ग्राहक चालू राहतील. ते थोड्या वेळाने पुन्हा करता येतं. इंडेक्स कन्करंट पद्धतीने (चालू लेखन न अडवता) बांधा, आणि ते ट्रान्झॅक्शनच्या आत चालत नाही हे तुमच्या मायग्रेशनच्या साधनाला सांगा.

याची टेस्ट कशी करायची? दोन प्रकारे. एक, प्रॉडक्शनच्या आकाराचा पण खोटी नावं-पत्ते भरलेला डेटाबेस ठेवा, प्रत्येक मायग्रेशन त्यावर चालवा, आणि चालू असताना वाचन-लेखनाचा हलका भार सुरू ठेवा. दोन, रोलिंग डिप्लॉयमध्ये (इन्स्टन्स एकामागून एक बदलताना) काही मिनिटं जुना आणि नवा कोड एकाच डेटाबेसवर चालतात, म्हणून नव्या स्कीमावर मागच्या रिलीजच्या टेस्ट चालवा. हा एक जॉब पाइपलाइनमध्ये घातला की रकान्याचं नाव एका झटक्यात बदलणारा बदल तिथेच अडतो. मग टीम आपोआप टप्प्यांनी जायला शिकते: आधी नवा रकाना, मग दोन्हीकडे लिहिणं, जुना डेटा भरणं, आणि पुढच्या एखाद्या रिलीजला जुना रकाना काढणं.

कॉन्फिगरेशनलाही कोडइतकंच तपासा. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर कंपनीच्या एका अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज मशीन बंद पडली. ते अपडेट प्रोग्रामचं नव्हतं, डेटा-फाइलचं होतं. नव्या नियमाला २१ मूल्यं लागत होती आणि प्रोग्राम २०च पुरवत होता. आधीच्या टेस्टमध्ये एकविसाव्या जागी 'काहीही चालेल' असंच चिन्ह होतं, त्यामुळे ती उणीव कधी दिसलीच नाही. तुमच्या टेस्ट डेटामध्ये असे 'काहीही चालेल' किती आहेत ते मोजा. आणि कॉन्फिगरेशनही आधी थोड्याच इन्स्टन्सवर चढवा. दहा मिनिटं एरर रेट पाहून मग पुढे.

बॅकअपचंही तसंच. जानेवारी २०१७ अखेर गिटलॅब या कोड ठेवण्याच्या सेवेत चुकून मुख्य डेटाबेसची डिरेक्टरी पुसली गेली, तेव्हा कळलं की रोजचा बॅकअप आवृत्ती न जुळल्यामुळे निघतच नव्हता आणि त्याची सूचना कुणापर्यंत पोचत नव्हती. शेवटी कुणीतरी स्टेजिंगसाठी सहा तासांपूर्वी घेतलेली प्रत कामी आली. तुम्ही दर आठवड्याला बॅकअपमधून एक नवा डेटाबेस उभारा आणि त्यावर पाच-सहा क्वेरी चालवा. हेही टेस्टच आहे, पाइपलाइनमध्येच असू द्या.

५० मिनिटांबद्दल थोडक्यात: मशीन वाढवण्याआधी प्रत्येक टप्प्याला किती वेळ जातो ते मोजा. बहुधा निम्मा वेळ इमेज बांधण्यात आणि लायब्ररी उतरवण्यात जात असतो, आणि तो कॅशने वाचतो. उरलेल्या टेस्ट समांतर चालवताना संख्येने न वाटता मागच्या रनच्या वेळेनुसार वाटा. मर्जपूर्वी दहा मिनिटांच्या आत उत्तर मिळायला हवं. जड टेस्ट मर्जनंतर चालू द्या.

टेस्टर वाढवण्याचीही घाई नको. तुमच्या दोघांचा वेळ आत्ता स्टेजिंग मोकळं होण्याची वाट बघण्यात आणि तीच यादी हाताने तपासण्यात जात असणार. पुल रिक्वेस्टच्या एन्व्हायर्न्मेंटचा पत्ता त्यांना पहिल्याच कमिटला मिळू द्या. काय फुटू शकतं याची चर्चा कोड लिहिण्याआधी त्यांच्यासोबत करा, आणि हाताने ते शोधतील ते यादीबाहेरचं असू द्या: अर्ध्यात सोडलेला फॉर्म, दोन टॅबमध्ये उघडलेला तोच व्यवहार, मधेच गेलेलं नेटवर्क. महिनाभराने फ्लेकी टेस्टची नोंद आणि प्रॉडक्शनमधल्या शेवटच्या दहा दोषांची कारणं समोर ठेवा. ती इथे लिहिलीत तर पुढची टेस्ट कुठे लिहायची ते नेमकं सांगता येईल.